सोमवारची सायकल

दत्ताला खुर्चीतून उठता येईना. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं आणि बसायचं, एवढीच माझी टेस्ट. शुक्रवारी त्याने ती हसत केली होती. सोमवारी सकाळी दुसऱ्याच वेळी मांड्या थरथरल्या आणि तो धपकन खाली बसला.

"काल जरा जास्त चाललो मॅडम," तो म्हणाला. "सायकल मारली की होतील पाय मोकळे."

मी चाकणच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. किडन्या निकामी झालेली माणसं आठवड्यातून तीनदा येतात आणि चार-चार तास मशीनला जोडून पडून राहतात. पडून पडून पायांच्या काड्या होतात. म्हणून डायलिसिस चालू असतानाच पलंगाच्या पायथ्याला एक छोटी सायकल लावून मी त्यांना पेडल मारायला लावते. आमच्या मोठ्या डॉक्टरांना ही सगळी थेरं वाटायची. एकालाही काही झालं तर सायकल भंगारात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दत्ता माझा हुकमी पेशंट. राजगुरुनगरजवळच्या गावचा, चाळिशीचा, पार्ट्सच्या कंपनीत फिटर. पायात जोर नाही म्हणून सहा महिने घरी बसलेला. सायकल सुरू केल्यापासून तो जिना चढायला लागला होता आणि मी ते सगळ्यांना सांगत फिरत होते. त्यामुळे हा थकवाच आहे, असं मलाही मानायचं होतं. पेडल मी पुढे ओढलंसुद्धा. मग सवयीने नाडी धरली.

मिनिटाला चाळीसच्या आत. पुन्हा मोजली. तेवढीच.

सिस्टरला हाक मारली, ईसीजी लावला. डॉक्टर आले, कागदावरची उंच टोकदार शिखरं बघून एकच शब्द बोलले. "पोटॅशियम."

हा क्षार आपल्या जेवणात असतोच. जास्तीचा किडनी बाहेर टाकते. किडनीच चालत नसेल तर तो रक्तात साठतो, आधी स्नायू ढिले पाडतो, मग हृदय बंद पाडतो. शनिवार-रविवार डायलिसिस नसतं, म्हणून आमच्याकडे सोमवार सगळ्यात वाईट. दत्ताला इंजेक्शन गेलं, मशीन सुरू झालं. डॉक्टरांनी त्याला काय खाल्लंस म्हणून विचारलं. तो म्हणाला, पथ्याचाच वरण-भात. घरच्यांना डाएटचा कागद दिलेला होता, त्यात मनाई केलेलं केळं नाही, नारळपाणी नाही, काही नाही. मग डॉक्टर माझ्याकडे वळले.

"तुमच्या सायकलनेच काहीतरी झालंय."

मी बाहेर आले. बाकावर दत्ताचे वडील बसले होते. आबा, जुने पैलवान, कान मोडलेले. त्यांच्या पायाशी स्टीलचा कॅन होता. त्यात काय आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी कौतुकाने झाकण उघडलं. बदाम आणि बडीशेपेचा वास आला.

"थंडाई हाय. शुक्रवारी पोरगं म्हनलं, पाय दुखत्यात. मंग शनिवारपास्नं दोन टायमाला सुरू केली. बदाम, खसखस, दूध, वर दोन केळी कुस्करून."

"आबा, त्याला केळं चालत नाही."

"जेवनात न्हाई चालत, ठावं हाय मला. ह्यो खुराक हाय. तुमी व्यायाम लावला, मंग खुराक नको का द्यायला? बिनखुराकाचा व्यायाम मानूस खातो."

दत्ता खोटं बोलला नव्हता. त्याच्या घरात खुराक हे जेवण नव्हतंच. आज कधी दिली म्हणून विचारलं, तर निघतानाच पेलाभर. म्हणजे अर्धं विष अजून पोटातच होतं. मी धावत आत गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आणखी औषध दिलं आणि मशीनपासून हलले नाहीत. मॉनिटरवर ठोके अडतीस होते. मग बेचाळीस. मी आयुष्यात कुठल्या आकड्याकडे इतकं टक लावून बघितलं नसेल. तासाभराने साठ झाले, तेव्हा सिस्टरने माझ्यापुढे खुर्ची सरकवली.

आबा दारातच उभे होते. "माझ्या हातनं झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा, माझ्या हातून," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं, आणि खूप लाजही वाटत होती. त्यांच्या घरात तीन पिढ्यांची तालीम. मी व्यायाम लावून मोकळी झाले होते.

सायकल भंगारात गेली नाही. डॉक्टरांनी दोन आठवडे बंद ठेवली, मग परत लावू दिली. डाएटिशियनला विचारून मी आबांना नवा खुराक लिहून दिला, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. पिवळ्याचं काय करायचं म्हणून त्यांनी विचारलं. तुम्ही खा म्हटलं. दत्ता आता कंपनीत बसून करायच्या कामावर आहे.

माझ्या फॉर्मवर तेव्हापासून एक प्रश्न वाढला आहे, 'व्यायामानंतर घरी काय देता?' तालमीतला वस्ताद हे पहिल्या दिवशी विचारतो. मला ते कळायला डिग्री, नऊ वर्षांची नोकरी आणि एक सोमवार लागला.