नसलेला ताप

आमच्या घरात कुणालाही विचारा, सांगतील — हिला कॉलेजात असताना स्वाइन फ्लू झाला होता. आई अजून पाहुण्यांना सांगते, देवानंच वाचवली म्हणून. नवऱ्यालाही तेच माहीत आहे. आजवर मी यातलं खरं कुणापाशी बोललेली नाही. मग तुमच्यापाशीच का बोलतेय? खरंच माहीत नाही. पण मला काहीही झालं नव्हतं. साधी सर्दीसुद्धा नव्हती.

एवढंच असतं तर कधीच हसत हसत सांगून टाकलं असतं. कॉलेजात कोण खोटं आजारी पडत नाही?

आधी मंगलबद्दल सांगते. ओतूरला शिकत असताना ती आणि मी हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो. मी निरगुडसरची — घरी बागायत, ट्रॅक्टर, सगळं. ती डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातली. त्यांच्याकडं भात आणि नाचणी, वडील धरणात जाळी टाकायचे. आश्रमशाळेत शिकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. बास्केटबॉल तिनं पहिल्यांदा हातात घेतला तो कॉलेजच्या मैदानावर, आणि वर्षभरात अशी तयार झाली की ती रिंगखाली उभी राहिली की समोरच्या पोरी वाट बदलायच्या. मी कॅप्टन. मी चेंडू पुढं आणायचा, तिला द्यायचा, तिनं टाकायचा — एवढाच आमचा डाव. आणि तो चालायचा.

तिला पोलीस व्हायचं होतं. विद्यापीठाच्या संघात नाव आलं तर भरतीत खेळाडूंच्या जागेतून संधी मिळेल, असं आमच्या सरांनी तिला सांगितलं होतं. आमचं ते शेवटचं वर्ष.

आणि त्याच वर्षी साथ आली. टीव्हीवर दिवसभर तेच — पुण्यात आज इतकी माणसं दगावली. कॉलेजं बंद झाली, उघडली. मेडिकलमध्ये मास्क मिळेनात, म्हणून मुली ओढणी तोंडाला बांधून हिंडायच्या. स्पर्धेची तारीख पुढं गेली, पुन्हा पुढं गेली. एका कॉलेजची पोरगी तापली म्हणून त्यांचा अख्खा संघ घरी बसला. कुणाच्या आईबापांनी पोरींना पाठवायलाच नकार दिला. शेवटी कसाबसा एक सामना ठरला, मंचरला. विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे त्याच सामन्याला येणार होते. अट एकच — ताप-खोकला असेल त्यानं आठवडाभर खोलीबाहेर पडायचं नाही.

समोरच्या संघाशी आम्ही साथीच्या आधी एकदा सरावाला खेळलो होतो. त्यांच्यात एक बुटकी, काटक पोरगी होती. तिनं दर वेळी माझ्या हातातून चेंडू काढून नेला — लहान पोराच्या हातातलं खेळणं घ्यावं तसा. बघणारे हसले. ते हसणं माझ्या कानात बसलं होतं. आणि मंचरला तर आप्पा येणार होते, माझे वडील. फोनवर म्हणाले, "आमी समदी जीप करून येतोय. भावकीला बी दाखवू की आमची कॅप्टन!" किती खुशीत बोलत होते. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी उठलेच नाही. गोधडी डोक्यावर ओढली, म्हटलं, अंग तापलंय, घसा दुखतोय. पोरींनी सरांना बोलावून आणलं. सर दाराशीच थांबले, तोंडाला रुमाल लावून. त्यांची तरी काय चूक? घरी तान्हं मूल होतं त्यांच्या. थर्मामीटर कुणाकडं नव्हता. ते मंगलला म्हणाले, "हात लावून बघ गं, ताप आहे का."

मंगलनं माझ्या कपाळावर हात ठेवला.

हे मला नीट सांगायचंय. तिचा हात ऊबदार होता आणि माझं कपाळ गार. तिला कळलं. मी डोळे उघडले, आमची नजरानजर झाली. माझ्या डोळ्यांत तिला काय दिसलं कुणास ठाऊक — ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हाय सर. थोडा हाय."

मी घाबरलेय हे ओळखून तिनं माझी अब्रू राखली. तिला वाटलं असेल, ही राहील इथं, आपण जाऊ, चेंडू दुसरी कुणी आणून देईल. मलाही तसंच वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. सर म्हणाले, "मग मंगल, तुलाही नेता येणार नाही. एका खोलीत राहता तुम्ही. कुणाला कळलं तर सामनाच रद्द करतील."

आता तुम्हीच बघा. ती तिथंच म्हणू शकत होती — नाही सर, हिला ताप नाही, खोटं बोलतेय. तिचं सगळं त्या एका वाक्यावर होतं. ती बोलली नाही. माझ्याकडं बघत राहिली. मी बोलायची वाट बघत होती ती. खोटं माझं होतं, मोडायचं मी होतं. किती सोपं होतं!

मी भिंतीकडं तोंड केलं.

सर गेले. खाली गाडी सुरू झाली, पोरींचा गलका झाला आणि तोही लांब गेला. मंगल बराच वेळ कॉटवर बसून होती. मग तिनं बूट काढले.

आमच्या पोरी हरल्या. संध्याकाळी आप्पा मंचरहून थेट हॉस्टेलवर आले, मोसंब्यांची पिशवी घेऊन. वर येऊ देईनात, म्हणून खिडकीखाली उभे राहिले. डोळे भरलेले. मंगलला म्हणाले, "पोरी, तू हायस म्हून आमाला काळजी न्हाई." ती खिडकीतून वाकून म्हणाली, "काय बी काळजी करू नका, आप्पा." मी अंथरुणात पडून ते ऐकत होते.

आठवडाभर आम्ही त्या खोलीत होतो. तिनं मला मोसंबी सोलून दिली. कुणी दाराशी डोकावलं की माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची. एका शब्दानं बोलली नाही. रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं — पण हेही माझ्याच सोयीचं, नाही का? मी सरांकडं जाऊ शकत होते. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवड्यानंतरही. गेले नाही. पुढचे सामने झालेच नाहीत. ज्या पोरींना खेळताना बघितलं होतं त्यांच्यातूनच विद्यापीठाचा संघ निवडला.

मंगलनं भरतीला दोनदा फॉर्म भरला. पळण्यात पुढं असायची, लेखीत राहायची. मग लग्न झालं तिचं, डोंगरातच.

काही वर्षांनी घोडेगावच्या एसटी स्टँडवर भेटली. बरोबर छोटी मुलगी. मला बघून एवढी हसली! पोरीला म्हणाली, "ही माझी कॅप्टन बरं का." आम्ही बाकावर बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग पोरीची वेणी नीट करता करता ती म्हणाली, "त्या साली लई ताप आला व्हता ना तुला?"

आवाजात टोमणा नव्हता. फक्त विचारलं, आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "हो ना. नंतर कितीतरी दिवस अशक्तपणा होता."

ती म्हणाली, "येतोच अशक्तपणा."

तिची गाडी सुटायला वेळ होता. पुष्कळ वेळ होता. आम्ही पोरांच्या शाळेबद्दल बोललो.