ओट्यातला काळा डाग

कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडम कारंजा गावात आमच्या शेजारी राहतात. बँकेत गेल्या तरी आधी काउंटरच्या ग्रॅनाइटवर तळवा टेकतात, मग कामाचं बोलतात.

आमच्या स्वयंपाकघरातल्या नव्या ओट्यासाठी आणलेल्या गुलाबी ग्रॅनाइटच्या फरशीत मुठीएवढा काळा डाग निघाला. "हे वापस ने. डागाची मले नको," आई मिस्त्रीला म्हणाली. मॅडम तेव्हा तिथंच होत्या. चष्मा कपाळावर सारून त्या डागाशी वाकल्या.

"थांबा वहिनी," त्या देवळात बोलावं तसं हळू म्हणाल्या. "दोन खंडं एकमेकाले भिडले, पहाड उठले. ढकलाढकली थांबल्यावर खाली खोल दगड वितळला अन् लाखो वर्षं निवत राह्यला. म्हणून याचे दाणे एवढे मोठे. हा काळा तुकडा त्या रसात सापडला, पण पुरा वितळला नाही."

"काहून नाही वितळला?" आईनं विचारलं.

"त्याले वितळाले याहून जास्त आच लागते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डागावर अलगद तळवा टेकला.

आईनं तीच फरशी बसवून घेतली. गरम पातेलं मात्र ती त्या डागावर कधीच ठेवत नाही.

"लय आच सोसली त्यानं," म्हणते.