अप्पांचं 'येस'

आमच्या घरी एकच गेम दोनदा खेळला गेला. पहिल्यांदा अप्पांच्या मर्जीनं, दुसऱ्यांदा आईच्या. दोन्ही वेळा बटणं मी दाबली, पण हुकूम माझा नव्हता.

पहिली खेप लॉकडाऊनमधली. पुण्याच्या कंपनीनं घरून काम करा म्हटलं आणि मी लॅपटॉप, चार कपडे आणि गेम खेळायचं यंत्र घेऊन शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला, आई-वडिलांच्या घरी आले. अप्पा, म्हणजे माझे वडील, नुकतेच तिथल्या साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते. अख्खी नोकरी त्यांनी उसाचा रस आटवून साखर करण्यात घालवलेली, त्यामुळे घरी बसणं म्हणजे काय करायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. उठसूट गच्चीवर जायचे, कारखान्याच्या चिमणीकडे बघायचे आणि तिथं आपल्यावाचून काहीतरी बिघडतंय असं ठरवून समाधानानं खाली यायचे. एका दुपारी मी टीव्हीला यंत्र जोडलं, तेव्हा ते बाजूला येऊन उभे राहिले.

"हाई काय शे?"

मी सांगितलं, गोष्ट आहे, पण पुढं काय व्हायचं ते आपण ठरवायचं. "मंग सांग," म्हणाले आणि दिवाणावर पाय वर घेऊन बसले. ते बसले ते पुढचे कितीतरी दिवस उठलेच नाहीत.

गोष्ट अशी. डोंगरापलीकडच्या एका शहरातले सगळे दिवे आणि सगळ्या चुली विझल्यात. एका मुलीनं मडक्यात विस्तव घेऊन तो तिथवर पोचवायचा. वाटेत माणसं भेटतात, काहीबाही विचारतात, पडद्यावर दोन-तीन उत्तरं येतात आणि आपण जे निवडू त्याप्रमाणे पुढची वाट फिरते. एकदा निवडलं की मागं जाता येत नाही. सगळं इंग्रजीत होतं. मी वाचायचे आणि अहिराणीत सांगायचे, कारण पुस्तकी मराठीत सांगितलं की अप्पा म्हणायचे, "शाळामा बठेल शे का मी?" मग आमच्याकडे वेशीवरचा भालेवाला शिपाईसुद्धा "कोठे चालनी वं बाई?" असं विचारायचा. राजाचा प्रधानही त्याच सुरात बोलायचा आणि अप्पांना ते अगदी रीतसर वाटायचं.

त्यांची खेळायची तऱ्हा मला छळायची. मला पुढं जायचं असायचं आणि त्यांना प्रत्येकाजवळ टेकायचं असायचं. पहिल्याच गावात एक मेंढपाळ होता. त्याच्याशी बोललं नाही तरी चालतं. मी त्याच्या दारावरून निघाले तर अप्पांनी हात आडवा केला.

"बठ त्यानाजोडे. एकला शे तो."

बसलो. मेंढपाळानं आपल्या एकेका मेंढीची कहाणी सांगितली, अप्पांनी एकेकीची चौकशी करायला लावली, आणि त्यात अख्खी दुपार गेली. शेवटी त्यानं एक जाडजूड कांबळं दिलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चला, आते कांबळं इका." मीही कुरकुरले, फुकटचं ओझं. अप्पा ढिम्म हलले नाहीत.

त्याच गावातून एक म्हातारी आमच्याबरोबर निघाली. पायानं अधू, पण सगळे रस्ते पाठ असलेली. चालताना गुणगुणायची. अप्पांचा तिच्यावर फार जीव. त्या दुपारी पडदा ओढलेला असायचा, टीव्हीचा निळा-हिरवा उजेड भिंतीवर हलायचा, बाहेरून कारखान्याच्या मळीचा गोड जड वास यायचा. मला कधीकधी वाटायचं की तो वास गेममधल्या गावातूनच येतोय. अप्पांनाही तसंच वाटत असावं, कारण म्हातारी थांबली की ते पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे.

मग नदी आली. रुंद, संथ, काठाला झाडं. "परकाशानी तापी शे ही," अप्पा म्हणाले. परकाशा म्हणजे आमच्याजवळचं तापीकाठचं प्रकाशा गाव. नाव लहान होती. म्हातारीनं मुलीकडं बघितलं आणि विचारलं, "तू मला इथंच ठेवून जाणार का?" मी मोठ्यानं अहिराणीत सांगितलं. पडद्यावर दोनच उत्तरं होती, हो आणि नाही, अर्थात इंग्रजीत.

आता आमच्या बोलीची एक गोष्ट सांगायला हवी. घरातून निघताना आमच्याकडे कुणी 'जास' म्हणत नाही. जास म्हणजे जातो, आणि उंबऱ्यात उभं राहून ते तोंडातून काढायचं नसतं. म्हणायचं 'येस'. येस म्हणजे येतो. आणि इंग्रजीतल्या होकाराचा उच्चारही आम्ही नेमका तसाच करतो.

कॉलनीच्या कोपऱ्यावर भाजीची गाडी आली होती. आईनं पिशवी पुढं केली, अप्पा उठले, चपला घातल्या आणि दारातून नेहमीसारखं म्हणाले, "येस."

माझी नजर पडद्यावर होती. मी होकाराचं बटण दाबलं.

नाव निघाली. म्हातारी काठावर उभी राहिली. हात केला नाही, लहान लहान होत गेली. मेंढपाळाच्या मेंढ्यांची नावं विचारणारा माणूस हिला असा टाकून कसा देतो, म्हणून मला अप्पांचा खरोखर राग आला. थोड्या वेळानं ते मेथीची जुडी घेऊन परतले आणि पडद्याकडं बघत म्हणाले, "म्हतारी कोठे गयी?"

"तुम्हीच तर येस म्हणालात."

त्यांना उलगडायला क्षणभर लागला. मग ते इतके हसले की मेथी हातातून पडली. "अवं, मन्हं येस म्हंजे येस. तू त्याले इंग्रजी करी टाकं." आईला दारातल्या येसची सवय होती, तिला तर हसू आवरेना. त्यानंतर कितीतरी दिवस अप्पा बाहेर पडताना बजावायचे, "येस. आपलावाला येस." पण गेम संपेपर्यंत म्हातारी काही भेटली नाही. विस्तव पोचला, शहरातल्या चुली पेटल्या, मुलीच्या पिशवीतलं कांबळं तसंच राहिलं. अप्पा म्हणाले, "पुढला टाइमले लई जाऊत तिले." म्हणजे पुढच्या खेपेला तिला घेऊन जाऊ.

पुढला टाइम त्यांना मिळाला नाही. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुरतला हलवा, ऑपरेशन झालं तर शक्यता आहे, खात्री देत नाही. अप्पा अर्धवट शुद्धीत होते. आईनं त्यांच्या कानाशी वाकून विचारलं आणि त्यांची मान हलली. ती मान 'नको' म्हणाली असं आईला वाटलं. मला ती नुसतीच हलल्यासारखी वाटली. आई म्हणाली, घरी चला. आठवडाही गेला नाही आणि ते गेले, आतल्या खोलीत, आईच्या हातात हात असताना.

दिवसकार्याला आलेल्यांपैकी कुणीतरी कुजबुजलंच, सुरतला न्यायला पाहिजे होतं. ते आईनं ऐकलं. ती रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आम्ही शहाद्याला स्टँडवर उभ्या असलो आणि सुरतची पाटी लावलेली बस आली की ती तोंड फिरवायची. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मीच नको म्हनं." मी काही बोलायच्या आत ती उठून गेली. तिच्या आत ते एकच वाक्य फिरत होतं, नेलं असतं तर. मला तिच्यासाठी भीती वाटायला लागली होती.

थंडीत मी लॅपटॉप आणि ते यंत्र घेऊन पुन्हा घरी आले. गळीत हंगाम सुरू होता, उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र चालू होत्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काळी कुसळं येऊन बसत होती. एका दुपारी आई दिवाणावर अप्पांच्या जागी बसली.

"ते लाव ना. त्या म्हतारीले लई जाऊत आपन."

मी लावलं. तोच रस्ता, तीच वेस, तोच शिपाई. मी तसंच अहिराणीत सांगत गेले आणि दोन काळ एकमेकांत मिसळायला लागले. प्रत्येक वळणावर मला आधी अप्पांचं उत्तर ऐकू यायचं आणि मग आईचं. विहिरीपाशी ते थांबले होते, आई थांबली नाही. जत्रेत त्यांनी बोरं घेतली होती, आईनं ढुंकून बघितलं नाही. आई डोळे अर्धे मिटून बसायची, मला वाटायचं डुलकी लागली, आणि मी चुकीकडं वळले की बरोब्बर बोलायची. बाहेर ट्रॉली गेली की गेममधली बैलगाडी गेल्यासारखं वाटायचं. या खेळात अप्पा कुठंतरी पुढच्या वळणावर आहेत अशी माझी समजूत होत चालली होती. मला ते फार बरं वाटत होतं.

मेंढपाळाचं दार तर पहिल्याच गावात आलं. मी म्हटलं, बसायचं का?

"बठानं नही आते. म्हतारी वाट देखी ऱ्हायनी."

तिला घाई होती. मीही जोर केला नाही, मला तेव्हा काही माहीत नव्हतं.

नदी यायच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी नेटवर शोधलं. म्हातारीला नेलं तर पुढं काय होतं ते मला आधी कळायला हवं होतं. खेळणाऱ्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं. काठावर सोडली तर ती जगते, तिथंच झोपडी बांधून राहते. बरोबर नेली तर बर्फाच्या खिंडीत गारठून मरते. आणि त्याखाली एक ओळ होती: मेंढपाळाचं कांबळं जवळ असेल तर मात्र मरत नाही, शहरापर्यंत येते. मी लॅपटॉप बंद केला. अप्पांच्या पिशवीत कांबळं होतं, आणि म्हातारी नव्हती. आईजवळ म्हातारी असणार होती, आणि मेंढपाळाचं गाव मागं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, राहू दे, दुसरा एखादा गेम लावते. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी तोच लावला.

नदीवर म्हातारीनं तिचा प्रश्न विचारला. आईनं मला सांगूही दिलं नाही. "नही म्हन," ती म्हणाली. मी दुसरं बटण दाबलं. म्हातारी नावेत बसली आणि आईनं इतका मोठा श्वास सोडला की मला माझं तोंड लपवावंसं वाटलं. पलीकडच्या काठावर त्या दोघी चालू लागल्या. म्हातारी गुणगुणत होती आणि आई मान डोलावत होती.

खिंड आली. बर्फ पडायला लागलं, अगदी आवाज न करता. म्हातारी एका दगडाला टेकून बसली आणि म्हणाली, तू हो पुढं. मुलगी पुढं गेली नाही. तिनं विस्तवाचं मडकं दोघींच्या मध्ये ठेवलं आणि म्हातारीचा हात धरला. गुणगुणणं हळूहळू थांबलं. मला अहिराणीत सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आईला सगळं दिसत होतं.

बराच वेळ पडद्यावर नुसतं बर्फ पडत होतं.

"लई गयूत तरी मरी गयी," आई म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "सुरतले बी हाईच व्हतं मंग."

हे असं नसतं, हे मला कळत होतं. ही गोष्ट कुणीतरी टेबलाशी बसून लिहिली होती, आणि नंदुरबारच्या डॉक्टरांचा 'शक्यता' हा शब्द कुणी लिहिलेला नव्हता.

आईनं माझं मनगट धरलं. "आखो एखादी वाट व्हती का? जिमा ती वाचती?"

तिच्या डोळ्यांकडं बघून मला कळलं की ती म्हातारीचं विचारत नाहीये.

"नही," मी म्हणाले. "दोनच वाटा शेत. दोन्ही देखी लिन्या आपन."

"नक्की?"

"नक्की."

तिनं मान हलवली. मग पदर तोंडाला लावला आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा रडली, आधी बारीक आवाजात आणि मग मोकळं, घसा बसेपर्यंत. मी तिला जवळ घेऊन बसले. कांबळ्याचं खरं मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.