मेयरसाहेब आणि सात जणी

महिला कबड्डी संघाबरोबर राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी दार उघडावं तर ते दुधाच्या पिशवीसारखे उंबऱ्यात पडलेलेच असतात!

मी परदेशात शिकून पुण्याला परतले ती एकच ध्यास घेऊन: खेळाडू म्हणजे देशाचे राजदूत! वाटलं होतं, ब्लेझर घातलेल्या, सफाईदार बोलणाऱ्या मुली भेटतील. संघाची मॅनेजर म्हणून कोथरूडच्या हॉलमध्ये गेले, तर भेटल्या त्या गुडघ्यांना हळद थापून बसलेल्या.

"परदेशात तुम्ही भारताचा चेहरा असणार!" मी कळकळीने म्हणाले.

कॅप्टन सुनीता वाघोलीची. ती म्हणाली, "ताई, चेहऱ्याचं जरा अवघड हाय. नाकावर मागच्याच आठवड्यात कोपर बसलंय."

*

संघटनेच्या सेक्रेटरींनी बजावलं होतं, "दौऱ्यात देशाची शोभा झाली, तर सुनीताची कॅप्टनशिप गेली!" म्हणून मी तिच्याकडून मुलाखतीची प्रॅक्टिस करून घेतली.

"देशासाठी खेळताना काय वाटतं?" मी विचारलं.

सुनीताने छाती भरून श्वास घेतला आणि देश, आई, दोन म्हशी, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं एका दमात सांगून टाकलं. तोंड लालबुंद! मग उड्या मारत मागे गेली, तेव्हा कुठे श्वास सोडला.

"अगं, मध्ये थांबायचं! पत्रकाराला लिहू द्यायचं!"

आमचे कोच साठे सर नारायण पेठेतले. खुर्चीतून न हलता ते म्हणाले, "मॅडम, दम तुटला की आऊट. तुमच्या पत्रकाराला पळायला सांगा."

*

परदेशी विमानतळावर अधिकाऱ्याने सुनीताला इंग्रजीत विचारलं, "येण्याचं कारण?"

सुनीताने मांडी थोपटली. "कबड्डी!"

मागच्या रांगेतल्या आमच्या सगळ्या जणींनी मांड्या थोपटल्या. अधिकाऱ्याने धाडकन शिक्का मारला!

"बघा," साठे सर म्हणाले, "दुभाष्याचा खर्च वाचला."

*

दौऱ्याच्या शेवटी टाऊन हॉलमध्ये प्रदर्शनी सामना होता. सामना संपला. आमच्या सात जणी अजून मॅटवर, आपल्या अंगणात उभ्या होत्या. सामनाभर पुढच्या रांगेत बसलेले तिथले मेयर टाळ्या वाजवत उठले, मॅटवर चढले, मध्यरेषा ओलांडून आले, सुनीताचा खांदा थोपटला आणि परत फिरले.

शिवून कोणी परत निघालं की काय करायचं, हे या मुलींच्या हाडात भिनलेलं! सुनीताने घोटा पकडला. दोघींनी कमरेला मिठी मारली. पुढच्या क्षणी मेयरसाहेब खाली आणि वर सात जणी!

हॉलमध्ये फटाफट फोटो निघाले. माझी पदवी माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

"ताई, गेली माझी कॅप्टनशिप!" सुनीता रडवेली होऊन ओरडली. घोटा मात्र सोडला नाही.

तेवढ्यात त्या ढिगाखालून एक हात बाहेर आला. बोट-बोट सरकत मध्यरेषेला टेकला!

साठे सरांनी शिट्टी फुंकली. "सातही जणी आऊट!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून सेक्रेटरींचा फोन आला. "फोटो पाहिला! आता कॅप्टन कोणाला करायचं?"

"सुनीतालाच," मी म्हणाले. "मेयरसाहेबांनी आज पुन्हा मॅच मागितली आहे. त्यांना धरून नगरसेवक सहाच भरतायत. सातवी मी उतरणार आहे."

"भारताविरुद्ध?"

"हो. सुनीताला एवढ्यात सांगू नका."