गुळगुळीत नळी आणि ट्विस्टचा रकाना

"ही बंदूक शंभर यार्डांवरून हरणावर चालवा, असं मी कधी म्हणालो?" अर्लनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

मी स्क्रीनकडे बघितलं. प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता, कुठे एरर नव्हती. वरच्या कोपऱ्यात अर्लचा हसरा फोटो, शेजारी मोठ्या अक्षरांत 'अर्लला विचारा' आणि खाली उत्तर. गुरुवारची दुपार होती. सोमवारी सकाळी हे पान लाइव्ह जाणार होतं.

"तुम्ही नाही म्हणालात. सिस्टिम म्हणतेय," मी म्हणाले.

"पण नाव माझं आहे, मिस वृंदा."

ही २००४ सालची गोष्ट. मी टेक्सासमधल्या प्लेनोत, शिकारीचं सामान विकणाऱ्या एका क्लायंट कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. मी मूळची सांगलीची. बंदुकीशी माझा संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरता. अर्ल सत्तरीला आलेले. गिऱ्हाईक फोन करायचं आणि कोणती बंदूक घेऊ ते अर्ल सांगायचे. तीस वर्षं हेच काम. आता कंपनीला ती फोनलाइन बंद करायची होती. तिच्या जागी आम्ही विझार्ड बनवत होतो. विझार्ड म्हणजे चार प्रश्न विचारून उत्तर देणारं पान. लोकांचा विश्वास अर्लवर, म्हणून पानाला नाव त्यांचं. रिक्वायरमेंटच्या कागदावर त्यांनी सहीसुद्धा केली होती. उत्तर चुकलं तर तीस वर्षांचं नाव जाणार होतं, आणि ते माझं नव्हतं.

तर ठासणीची बंदूक. हिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची. अशा बंदुका अमेरिकेत आजही हौसेने विकत घेतात. का घेतात, ते मला तेव्हा कळलं नव्हतं आणि पूर्ण आजही कळलेलं नाही. बहुतेकींच्या नळीला आतून आटे असतात, पिळाचे. गोळी गरगरत बाहेर पडते म्हणून लांबवर सरळ जाते. तो पीळ किती इंचांत एक फेरा घेतो, त्याला ट्विस्ट म्हणतात. आमच्या टेबलमध्ये ट्विस्टचा रकाना होता आणि जवळजवळ सगळीकडे ४८ लिहिलेलं होतं.

अर्ल गेल्यावर मी सगळा कोड पुन्हा तपासला. शुक्रवारी परत तपासला. नियम साधे होते: ट्विस्ट असेल तर गोळी वापरा, लांबवर चालेल, छर्रे वापरू नका. अर्लनी बोट ठेवलेल्या त्या पॉइंट फॉर्टीफाइव्ह इंच नळीच्या बंदुकीला ट्विस्ट ४८. म्हणजे उत्तर बरोबर. तरी अर्ल म्हणतात चूक. डोकं चालेना. बरं, विचारावं तरी काय? काय कळत नाहीये, हेच मला कळत नव्हतं.

माझा मॅनेजर शिरीष नागपूरचा. अर्ल मीटिंगमध्ये सारखा वापरायचे तो एक शब्द आठवला, म्हणून त्याच्या क्यूबिकलमध्ये गेले.

"शिरीष, स्मूथबोअर म्हणजे नक्की काय रे?"

"यार, तूच तर सहा आठवडे मीटिंग अटेंड केल्या!"

"तूही होतास की."

"मला वाटलं तुला कळतंय. तू मान डोलवत होतीस."

"मला वाटलं तुला कळतंय म्हणून मी डोलवत होते."

त्याने कॅलेंडर उघडलं. मग म्हणाला, "म्हाताऱ्याने साइन-ऑफ दिलाय ना? मग डेट हलवायची नाही. क्लायंट आपलं कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल करेल."

मला संताप आला, त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त. संध्याकाळी अर्लना फोन केला. म्हटलं, मला दाखवाल का? ते म्हणाले, "उद्या सकाळी या. आणि बंद बूट घाला."

शनिवारी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले. अर्लनी आधी रिकाम्या नळीत बारीक दिवा सोडला आणि मला आत बघायला लावलं. एका नळीत पीळ स्पष्ट दिसला. दुसरीत काहीच नाही. नुसती चकचकीत पोकळी.

"हिचा पीळ झिजला का?" मी विचारलं.

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "पीळ कधी नव्हताच. हिला स्मूथबोअर म्हणतात. मीटिंगमध्ये मी सांगितलं होतं. तुम्ही 'येस, येस' म्हणालात."

मग त्यांनी पंचवीस यार्डांवर कागदी ताटली लावली आणि गुळगुळीत नळीतून गोळी मारली. ताटलीच्या मध्याजवळ भोक. ताटली पंच्याहत्तर यार्डांवर नेली. पाच गोळ्यांपैकी एक लागली, तीही कडेला. बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. धुराने माझे डोळे चुरचुरत होते. मग त्याच नळीत त्यांनी गोळीऐवजी बारीक छर्रे भरले आणि पंधरा यार्डांवरचा डबा उडवला.

"खारीसाठी छर्रे," ते म्हणाले. "रविवारी मित्रांबरोबर निशाणेबाजीला गोळी. एकाच बंदुकीत दोन्ही, दारूही कमी लागते. म्हणून लोक ही बारीक नळीची घेतात. पण लांबच्या हरणावर झाडली तर जनावर नुसतं जखमी होतं आणि दोन दिवस तडफडतं."

"आणि आपलं पान सांगतंय की हरणावर चालवा आणि छर्रे भरू नका," मी म्हणाले.

"बरोबर उलटं," अर्ल म्हणाले.

 तिथे उभी असतानाच ४८ कुठून आले ते मला आठवलं. सप्लायरच्या शीटमध्ये अठरा बंदुकांचा ट्विस्ट कोरा होता. पीळच नव्हता म्हणून कोरा; मला वाटलं, भरायचा राहिला. रकाना मीच मँडेटरी केला होता, सिस्टिम कोरा घेईना. व्हिसाचे फॉर्म भरून भरून आमची सवयच तशी: कोरी जागा दिसली की धडधड होते, काहीतरी लिहून मोकळं व्हायचं. मी अठराही ठिकाणी ४८ लिहून टाकले होते. बाकी सगळीकडे तेच होतं ना!

मी अर्लना हे तिथेच सांगितलं. ते बराच वेळ बंदुकीची नळी पुसत राहिले.

रविवारी शिरीषला फोन करून सगळं सांगितलं.

"तो रकाना रिकामा चालवून घ्यायचा तर किती ठिकाणी कोड बदलावा लागेल?" त्याने विचारलं.

"नऊ. आणि परत टेस्टिंग. सोमवारपर्यंत होणार नाही."

"मग त्या अठरा बंदुका काढून टाक आणि गप्प बस. कोणाला सांगू नकोस."

"काढते. पण सांगणार."

"वृंदा, ग्रीन कार्डचं चाललंय ना तुझं? बघ बाबा."

 तरी मी क्लायंट कंपनीच्या बॉसला ईमेल लिहिला: आकडे मी अंदाजाने भरले, अर्लनी सांगितलेलं मला समजलं नव्हतं, त्यांची यात चूक नाही. आणि पाठवून दिला.

सोमवारी बॉसने खोलीत बोलावलं. आरडाओरडा झाला नाही. तिने एवढंच विचारलं, "बाकीच्या रकान्यांत असे अंदाज किती आहेत?"

"दुसरा एकही नाही. काल सगळं शीटशी ताडून पाहिलं."

विझार्ड दुपारी लाइव्ह गेला. त्या अठरा बंदुकांच्या पानांवर शिफारस नव्हती, फक्त अर्लचा फोन नंबर होता. लाइन बंद करणं त्यामुळे पुढे ढकललं गेलं. माझी नोकरीही राहिली. जीव भांड्यात पडला.

मला वाटलं, अर्ल खूश होतील. त्यांनी बॉसला सांगितलं, "पानावरून माझं नाव आणि फोटो काढा."

मला फार लागलं ते. चूक मी सगळ्यांसमोर कबूल केली होती, शनिवार-रविवार घालवला होता. कॉफी मशीनपाशी त्यांना गाठून विचारलं, "आता तर सगळं बरोबर आहे. मग का?"

"असेलही बरोबर," ते म्हणाले. "पण आत ते कसं ठरवतं, ते मला वाचून कळत नाही. तो सहीचा कागदही मला कळला नव्हता. तुम्ही 'येस' म्हणालात, म्हणून मी सही केली."

जागेवर येऊन मी पानावरून त्यांचं नाव काढलं. विझार्डचं नाव नंतर नुसतं 'मदत हवी?' असं झालं.

त्यानंतर बरीच वर्षं मी असे विझार्ड बनवण्याचंच काम केलं. विमा, औषधं, एकदा तर ट्रॅक्टरचे सुटे भाग. मीटिंगमध्ये कळलं नाही की 'कळलं नाही' म्हणते. लोक वैतागतात, एक मीटिंग वाढते. वाढू दे. आपल्या मान डोलावण्यावर समोरचा माणूस सही करत असतो.