पत्रिकेतला व्हायरस

ती घटना आजही आठवते, विशेषतः फोनवर कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की.

दारव्ह्याकडच्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक फौजदार होतो. शाळा आठवीत सुटली, गाव राहिलं कोकणात आणि पोटाला लावलं ते या जिल्ह्याने. ते उपकार मी विसरत नाही. पण संगणकाचं प्रकरण आलं की धास्ती वाटायची, आपल्याला झेपेल का म्हणून.

त्या दुपारी एका नवरीचा बाप आला. लग्न तोंडावर आलं होतं.

"साहेब, पत्रिका कोणीच उघडून नाही राह्यलं."

त्याने मेसेज दाखवला. 'सावधान. झोक्यावरच्या नवरा-नवरीची पत्रिका उघडू नका. त्यात व्हायरस आहे. मोबाईल जळेल, खातं रिकामं होईल. टीव्हीवर सांगितलं आहे. सगळ्या ग्रुपवर पाठवा.'

"व्याही म्हनते, आधी हे निस्तरा, मंग मांडव टाका. लग्न मोडते का काय, पोरगी जेवून नाही राह्यली."

लोकांची भीती अगदीच खोटी नव्हती. पत्रिकेच्या नावाखाली भलतंच अ‍ॅप पाठवून लुबाडल्याच्या तक्रारी येत होत्या. म्हणून पत्रिका सायबर कक्षाला पाठवली. तिथल्या महिला हवालदाराचा फोन आला.

"काका, साधं चित्र आहे. बिनधास्त उघडा. अन् मेसेज नीट वाचा. कोणता चॅनल, कोणता दिवस, कोणी सांगितलं, काहीच नाही. खरा इशारा काय करायचं ते सांगते. हा नुसता भेव दाखवते अन् पुढं पाठवा म्हनते."

त्या पोरीचे मी मनापासून आभार मानले. मग माझ्या ओळखीचं काम उरलं, माणसं विचारत जाण्याचं. तुम्हाला कोणी पाठवला? त्याला कोणी? अशी साखळी भावकीतल्या एका माणसापाशी तुटली. त्याने भीतीने फोनमधलं सगळं पुसून टाकलं होतं. त्याने बायकोला पाठवलेला मेसेज मात्र तिच्या फोनवर होता, सकाळचा.

बापाला तो मेसेज दाखवून विचारलं, "पत्रिका लोकांना कधी पाठवली?"

"त्याच दिवशी संध्याकाळी."

"मग सकाळी कुणी पाहिली?"

"सकाळी देवापुढं ठेवली ना. पहिली पत्रिका देवाले. कागदाची नव्हती, म्हून मोबाईलच ठेवला, हळद-कुंकू वाहून."

"देवघरात कोण कोण होतं?"

"मी, बायको, पोरगी... अन् माहा भाऊ."

धाकट्या भावाला बोलावलं. चहा दिला. माझा अनुभव असा, की घरच्या माणसावर ओरडलं की तो गप्प बसतो आणि चहा दिला की बोलतो.

"पत्रिकेवर झोका आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याला सकाळीच कसं कळलं?"

त्याने कप खाली ठेवला. "त्याच्या पोरीले नोकरीवाला भेटला. सारं गाव आतापासूनच त्याच्या दारात. माह्या पोरीच्या लग्नात भात उरला साहेब. गाईले घातला म्या."

"मग काय हवं होतं?"

"त्याच्याही घरचा उरावा. बस."

मी गुन्हा नोंदवायचं बोललो. बाप नको म्हणाला. तेवढ्यात बापाबरोबर आलेली नवरी चुलत्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, आता बोलावनं तुमीच द्या. घरोघरी, अक्षता घेऊन. अन् व्हायरस कोनं सोडला तेही सांगा."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, धाकट्याला समज दिली, त्याच ग्रुपवर खुलासा पाठवायला लावला. तो अक्षता घेऊन निघाला, तेव्हा लोक अंगावर जातील या काळजीने एक शिपाई त्याच्या मागे धाडला. शिपायाने येऊन सांगितलं, प्रत्येक दारात एकच विचारणा होते, पाठवणारा सापडला का म्हणून. आणि तो खाली मान घालून म्हणतो, "सापडला. मीच." एक घर त्याने चुकवलं नाही.

व्याही आले, मांडव उभा राहिला. मीही पंगतीला होतो. माझ्या बहिणीच्या लग्नाला मला रजा मिळाली नव्हती. तो गोतावळा पाहून माझ्याही पोटात हेवा उठला, नाही म्हणत नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते हे. असा मेसेज लिहिणाऱ्याला संगणक कळावा लागत नाही. आपण कशाला भितो, एवढं त्याला ठाऊक असलं की पुरतं, आणि ते सगळ्यात जास्त घरच्याला ठाऊक असतं. हेव्याला दुसऱ्याचं ताट नको असतं, ते पालथं झालेलं पाहायचं असतं.

शेवटच्या पंगतीला भात संपला. पुन्हा आधण ठेवलं, ते नवरीच्या त्या काकानेच.