तिसाव्या खेळीनंतर

माझे मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू तपासले. आतून पोखरून बूच भरलेली वजनं, पारड्याच्या तळाला चिकटवलेली चुंबकं, असं काय काय त्यांनी पकडलं होतं. त्यामुळे समोरचा माणूस सरळ असेल ही शक्यता ते सगळ्यात शेवटी विचारात घेत. घरी आलेला पाव आधी काट्यावर जायचा, मग ताटात. "यांना देव भेटला तर आधी ओळखपत्र मागतील," असं मामी म्हणायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बुद्धिबळ क्लबात पंचाचं काम धरलं. क्लब म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. आठ टेबलं, सोळा खुर्च्या आणि खालून येणारा पंक्चरच्या सोल्युशनचा वास. रविवारी दुपारी डाव चालायचे. मी निकाल फळ्यावर लिहायचे. मामा डाव सुरू होण्याआधी आठही घड्याळं स्वतःच्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहायचे. मोबाईल दाराशी पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली मामांच्या खिशात.

त्यांची एक आवडती गोष्ट होती. फार वर्षांपूर्वी जगज्जेतेपदाच्या एका लढतीत खेळाडूंच्या खुर्च्यांचे एक्स-रे काढले होते, दिव्याची झाकणंही उघडली होती. आत सापडल्या दोन मेलेल्या माश्या. लोक ही गोष्ट हसण्यासाठी सांगतात. मामा हसायचे नाहीत. "माश्या निघाल्या तर निघाल्या. झाकण उघडलं ना?" एवढंच म्हणायचे.

त्या वर्षी क्लबात एक बाई येऊ लागल्या. साठीच्या, किरकोळ बांध्याच्या, जाड भिंगांचा चष्मा. औषधांच्या कारखान्यात खोक्यांवर लेबलं लावायचं काम करत. यायच्या, डाव खेळायच्या, जायच्या. कुणाशी फारसं बोलणं नाही.

त्यांची सुरुवात बघवत नसे. कडेची प्यादी उगाच पुढे सारायच्या, राजा मधेच उघडा ठेवायच्या, दहा खेळ्यांत एखादा घोडा नाहीतर उंट गमावून बसायच्या. मग मारामारी करत करत पट रिकामा करायच्या. एकदा का पटावर सात-आठ मोहरी उरली की बाई वेगळ्याच व्हायच्या. पाठ ताठ, हात स्थिर. प्यादी अशी पुढे न्यायच्या की समोरचा गोंधळून जाई. हरलेले डाव बरोबरीत सोडवायच्या आणि बरोबरीचे जिंकायच्या.

पहिली कुरकुर दातांच्या डॉक्टरांनी केली. हे क्लबाचे सचिव आणि आमच्यातले बरे खेळाडू. एक अख्खा उंट जास्त असताना त्यांनी बाईंशी डाव घालवला होता.

"साहेब, जिला घोडा कुठे ठेवायचा ते कळत नाही, तिला हे शेवटचं कसं येतं?" त्यांनी मामांना विचारलं.

मला वाटलं, हाच तर बाई खऱ्या असल्याचा पुरावा. लबाडी करणारा पहिल्यापासूनच चांगला खेळेल. मी तसं म्हटलंही.

"उलट आहे, पोरी," मामा म्हणाले. "खोटा तराजू कायम खोटं बोलत नाही. पाच किलोपर्यंत तो अगदी सज्जन असतो. त्याच्या पुढे गेलात की मारतो."

त्या दिवसापासून मामांनी बाईंची फाईल उघडली. खरोखरची फाईल, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक डावाची खेळ्या लिहिलेली चिठ्ठी, प्रत्येक खेळीला लागलेली मिनिटं. दोन महिन्यांत त्यांना हवं ते सापडलं. तिसाव्या खेळीच्या आसपास, मोहरी कमी झाली की, बाई उठून प्रसाधनगृहात जायच्या. तीन-चार मिनिटांनी परत यायच्या आणि मग भराभर खेळायच्या.

मामांनी क्लब रिकामा असताना प्रसाधनगृहाची झडती घेतली. टाकीचं झाकण काढलं, खिडकीच्या गजांमागे हात घातला, आरसा भिंतीवरून उतरवून पाठीमागे पाहिलं. काहीच नाही. बाईंचा फोन तर बटणांचा, तोही पेटीत. मग त्यांचं लक्ष खाली बाकावर बसलेल्या एका माणसाकडे गेलं. लागोपाठ दोन रविवार तो तिथे होता आणि अधूनमधून वर बघत होता. मामा खाली जाऊन त्याला भिडले. तो सायकलचा गियर बदलून व्हायची वाट बघत होता. दोन आठवडे दुकानदार त्याला "आज देतो" म्हणत होता, आणि आता ही चौकशी. त्याने सगळा राग मामांवर काढला. मामांनी त्याचंही नाव फाईलीत लिहून ठेवलं.

संघनिवडीच्या शेवटच्या रविवारी बाईंचा डाव डॉक्टरांशी होता. जो जिंकेल त्याला शहराच्या स्पर्धेसाठी क्लबाच्या संघात जागा. नेहमीप्रमाणे बाईंची सुरुवात फसली, पण वजिरांची मारामारी झाली, उंट गेले, आणि शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि बाईंकडे एक जादा प्यादं उरलं. बाईंनी पेन ठेवलं आणि त्या उठल्या.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जा. मला तिकडे जाता येत नाही."

मला ते पटलं नाही. पण गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई आरशासमोर उभ्या होत्या. हातात कागदाचा कपटा होता, त्यावर पेन्सिलीने काढलेला छोटा पट. कागद त्यांनी खालचा वर करून आरशासमोर धरला होता आणि आरशात टक लावून बघत होत्या. मी मागे आहे हे त्यांना दिसलं. त्या दचकल्या नाहीत, फक्त कागद खिशात ठेवला.

मी येऊन मामांना सांगितलं. आजही वाटतं, दोन मिनिटं थांबायला हवं होतं. मामांनी टेबलाशी जाऊन घड्याळ बंद केलं.

"खिशातला कागद दाखवा."

बाईंनी दाखवला. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "बघा! मी म्हणत नव्हतो?"

"हा कुणी दिला?" मामांनी विचारलं.

"मीच काढला."

"आणि आरशात काय बघत होता?"

"साहेब, मी छापखान्यात जुळारी होते. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. एका साप्ताहिकात दर आठवड्याला बुद्धिबळाचं कोडं यायचं, पाच-सात मोहऱ्यांचं. एकोणीस वर्षं ते मीच जुळवलं. खिळ्यांवर सगळं उलटं असतं. मी पट तसाच शिकले. सुलट दिसला की मला नीट वाचता येत नाही."

"आणि सुरुवातीच्या खेळ्या?"

"बत्तीस मोहऱ्यांचं कोडं कोण छापतं?"

दोघं-तिघं हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी आयुष्यभर याहून चांगल्या सबबी ऐकल्या होत्या.

"डाव चालू असताना वेगळ्या कागदावर पट मांडून विचार करायला मनाई आहे. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. पण आता कळलं."

"डाव तुम्ही हरलात."

बाईंनी चिठ्ठीवर सही केली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. पटावर त्यांचं प्यादं वजीर व्हायला एक घर बाकी होतं. डॉक्टरांनी तो पट घाईघाईने आवरला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या क्लबात "फसवणूक" हा एकच शब्द फिरत होता, आणि तो कुणाच्या तोंडून निघाला हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वाचनालयात गेले. बाईंची सबब खोटी ठरवायची, एवढाच त्यांचा बेत होता. ते साप्ताहिक कधीच बंद पडलं होतं, पण बांधलेले अंक माळ्यावर होते. मामा नऊ दिवस जात राहिले. रोज संध्याकाळी धुळीने भरलेला सदरा घेऊन यायचे आणि मामी बडबडायची.

कोडी होती. एकोणीस वर्षांची, सलग. एका अंकात त्यांना बारीक अक्षरात एक खुलासा सापडला, "मागील कोड्याचे छापलेले उत्तर चुकीचे होते. ही चूक आमच्या जुळाऱ्यांनी लक्षात आणून दिली." नाव नव्हतं.

"झालं ना आता समाधान?" मामीने विचारलं.

"छापखान्यात जुळारी एकच होता कशावरून?" मामा म्हणाले.

त्यांनी एक कोडं वहीत उतरवून घेतलं. उतरवताना काळ्याचं एक प्यादं मुद्दाम एक घर मागे ठेवलं. बाकी सगळं जसंच्या तसं. मग मला बरोबर घेऊन ते बाईंच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर. बाई भाजी निवडत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी खुर्च्या पुढे केल्या, पण काय काम आहे ते विचारलं नाही. मामांनी वही उघडून समोर धरली. "पांढऱ्याने खेळायचं आणि जिंकायचं."

बाईंनी हात पुसले. वही उलटी केली, उठून कपाटाच्या आरशासमोर धरली. पाचसहा सेकंदही गेले नसतील.

"हे प्यादं इथे नव्हतं," त्या म्हणाल्या. "एक घर पुढे होतं. इथे ठेवलंत तर काळ्याला एक खेळी जास्त लागते, पांढरा बसल्याबसल्या जिंकतो. याला कोडं कोण म्हणेल?" मग मामांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याकडून उतरवताना चूक झाली, की मला तपासायला आलात?"

मामांनी वही परत घेतली.

"तपासायला," ते म्हणाले.

"मग झालं का तपासून?"

"झालं."

"बरं. चहा घेणार?"

चहा झाला. उतरताना मामा जिन्यात थांबले आणि भिंतीला हात टेकून म्हणाले, "माझ्या नोकरीत मी किती जणांचं पुढचं ऐकलंच नाही गं." त्यांनी विषय पुन्हा काढला नाही.

रविवारी त्यांनी डॉक्टरांना गाठलं.

"डाव तुमचा, जागाही तुमची. नियम तो नियम. पण फसवणूक झालेली नाही. तो शब्द तुम्ही मागे घ्यायचा."

"अहो, मी सहज बोललो होतो."

"मग सहजच मागे घ्या."

डॉक्टरांनी काखा वर केल्या. तेव्हा मामांनी स्वतःच्या हाताने सूचना लिहून फळ्याशेजारी लावली. झाल्या प्रकारात नियमाचा भंग अजाणतेपणी झाला, खेळाडू निर्दोष आहे, आणि चौकशीपूर्वी झालेल्या बदनामीला पंचही जबाबदार आहे. खाली सही.

बाई तीन आठवड्यांनी आल्या. सूचनेसमोर चष्मा वर करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, डोळे पाणावले असतील. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागितली.

"निर्दोषमध्ये पोटफोड्या ष असतो, साहेब. तुम्ही शहामृगाचा श लिहिलाय." आणि त्यांनी तो सुधारला.

आरशाचं काय करायचं, हा प्रश्न मामांच्याच डोक्यात होता. त्यांनी नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं, एखादी पळवाट सापडते का म्हणून. एका रविवारी ते बाईंना म्हणाले, "समोरच्याच्या खुर्चीमागे उभं राहून पट पाहायला कुठेही मनाई नाही. त्रास द्यायचा नाही, एवढंच."

बाईंनी करून पाहिलं. "डावंउजवं बदलतं. पण अर्धं काम होतं."

"उरलेलं अर्धं तुमच्या डोक्याने करायचं."

पुढल्या वर्षी बाई आणि डॉक्टर पुन्हा समोरासमोर आले. बाईंची सुरुवात थोडी सुधारली होती, घोडा शेवटपर्यंत टिकला. पट रिकामा झाल्यावर त्या उठल्या आणि डॉक्टरांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर मान वळवून वळवून बघू लागले. शेवटी त्यांनी हात वर करून मामांना बोलावलं.

"साहेब, या मागे उभ्या राहून नक्की काय करतात, ते बघा जरा."

"बघतो," मामा म्हणाले. ते डॉक्टरांच्या मागे, बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि हाताची घडी घालून बराच वेळ पटाकडे बघत राहिले. डॉक्टर एकेचाळिसाव्या खेळीला हरले.